यंत्रालाही खांदेमळण हवी



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळण करतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवले, तो खांदा हळद-तूप लावून मळतो, सूज आहे का, कातडे सोलले आहे का हे बोटाने चाचपून पाहतो. वाडवडिलांनी लावून दिलेली ही रीत नुसती पूजेची नाही, ती देखभालीची आहे. आता पुष्कळांच्या दावणीला बैल राहिले नाहीत. त्यांच्या जागी ट्रॅक्टर, पलटी नांगर, डंपिंग ट्रॉली आणि काही ठिकाणी ऊसतोडणी यंत्रही आले. या यंत्रांचा खांदा म्हणजे त्यांचे हायड्रॉलिक. त्याची खांदेमळण मात्र कोणी करीत नाही, आणि आमच्या मते आपल्या भागातील निम्मी कटकट येथूनच सुरू होते.

गेल्या हंगामातली गोष्ट. ऐन फेब्रुवारीत एका सभासदाचा निरोप आला, "साहेब, लिफ्ट उचलंना झालीया." जाऊन पाहिले तर तेलाचा रंग ताकासारखा. आम्ही विचारले, तेल कधी बदलले? "बदलायचं कशाला? कमी झालं की टाकतोच की!" पंप गेला होता. फिल्टर ट्रॅक्टर घेतल्यापासून उघडलाच नव्हता. मालक ड्रायव्हरच्या नावाने ओरडत होता आणि ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. आम्हाला तेव्हा जे वाटले ते आज येथे लिहितो : दोष त्या पोराचा नव्हता. त्याच्या हाती ना फिल्टर दिला होता, ना स्वच्छ फडके, ना कोणी चार गोष्टी सांगितल्या होत्या.

हायड्रॉलिकचे काम साधे आहे. पंप तेल दाबतो, ते तेल जॅकचा दांडा ढकलते. दहा सेंटीमीटर व्यासाच्या जॅकमध्ये दर चौरस सेंटीमीटरला 150 किलो दाब आला, तर सुमारे पावणेबारा टन जोर तयार होतो. एवढे ओझे पेलणाऱ्या पंपाच्या आतली फट मात्र केसापेक्षाही बारीक असते. आपल्या काळ्या रानातली उन्हाळी धूळ त्या फटीत शिरली की ती पॉलिश पेपरासारखे काम करते. डोळ्याला तेल स्वच्छ दिसते, आत पंप घासत असतो. म्हणून आमचे ठाम मत आहे, की हायड्रॉलिक कामाने मरत नाही, घाणीने मरते.

ही घाण आपणच घालतो. उघड्या डब्यातले तेल ओततो, रॉकेलची कळकट किटली वापरतो. नांगर काढला की पाइपाची कपलिंगे मातीत लोळत पडतात. त्यांना टोपण घालून वर अडकवावे. नांगर जोडताना तीच कपलिंगे आधी पुसावीत. ट्रॅक्टर उभा करताना नांगर जमिनीवर टेकवावा. उघड्या राहिलेल्या दांड्यावर माती वाळते, गंज धरतो, आणि मग तोच दांडा ऑइलसील कापतो. जोराच्या पाण्याने धुताना सीलवर आणि तेलाच्या झाकणावर धार मारू नये. तेल दुधी झाले तर त्यात पाणी गेले असे समजावे. फेस येऊ लागला तर तेलाची पातळी कमी आहे किंवा कोठेतरी हवा ओढली जाते. तेल पुस्तकात दिलेल्या प्रतीचेच घालावे. इंजिनातले काढलेले काळे तेल तर चुकूनही घालू नये. ओझे उचलेना म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह आवळणे म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखे आहे.

"थेंब थेंब गळतंय, चालायचंच" असे पुष्कळजण म्हणतात. हिशेब करा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि सेकंदाला एक थेंब गळला, तर दहा तासांत 1800 मिलिलिटर, म्हणजे पावणेदोन लिटरांहून जास्त तेल मातीत जाते. आणि जेथून तेल बाहेर येते, तेथून धूळ आत जायला वेळ लागत नाही. पण ही गळती बोटाने कधीही चाचपू नका. दाबाखालचे तेल सुईसारखे कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात जावे, नाहीतर हात गमवावा लागतो. गळती पुठ्ठा धरून पाहावी. तसेच उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय कोणी शिरू नये. पाइप फुटला तर ट्रॉली क्षणात खाली येते.

कोणी म्हणेल, एवढे लाड कोणी करावेत? त्यांना आमचे सांगणे आहे की कारखान्याकडे पाहा. मिलच्या वरच्या रोलरवर तेलाच्या दाबानेच भार दिलेला असतो. कारखाना बंद हंगामात मिल उघडून, तपासून, मगच मोळी टाकतो. सभासदाने मात्र खंडेनवमीला बॉनेटवर झेंडू वाहायचे आणि थेट फडात जायचे, हे बरे नाही. 2023 साली राज्य शासनाने 900 ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याचे धोरण घेतले. त्या यंत्राची पाती, पंखा, एलेव्हेटर सारे हायड्रॉलिक मोटरीवर चालते. कोटीच्या घरातले यंत्र बंद पडले तर बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि तोडलेला ऊस फडात वाळून वजन व उतारा दोन्ही घटतात. त्यात नुकसान यंत्रमालकाचेच नाही, शेजाऱ्याचेही होते.

येथे आमच्या शेतकी खात्याचाही दोष आहे. गटागटात मेळावे घेऊन आम्ही बेणे, ठिबक, पाचट यांवर तासन् तास बोललो. फिल्टरवर पाच मिनिटेही बोललो नाही. हंगामाआधी गट ऑफिसवर ड्रायव्हरांची एक बैठक व्हावी आणि मालकांनी शेजारी बसून ती ऐकावी, असे आम्हास वाटते.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. पोळ्याच्या सुमारास तेल तपासा, फिल्टर बदला, पाइप-सील पाहा आणि तारीख ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रंगाने लिहा. ड्रायव्हरला एक स्वच्छ फडके आणि एक झाकणाची किटली घेऊन द्या. बैल मुका होता, तरी आपण त्याचा खांदा ओळखत होतो. यंत्रही मुकेच आहे.