तारखेचा खर्च कोणाच्या माथी?

चिंचपाड्याच्या मजुराला साक्षीसाठी नंदुरबारच्या सत्र न्यायालयात जायचे, तर त्या दिवसाच्या रोजावर पाणी सोडावे लागते. सरकारी वकिलाची तयारी नाही म्हणून तारीख पुढे गेली, की हाच भुर्दंड पुन्हा त्याच्याच माथी बसतो. वकिलाच्या मिळकतीत मात्र काही उणे होत नाही. ज्याच्या हातून विलंब घडतो त्याला त्याची झळ नाही, अशा व्यवस्थेत विलंब वाढला तर नवल कसले?

गुजरातमधील किशनभाई खटल्यात सहा वर्षांच्या बालिकेच्या हत्येतील आरोपीची मुक्तता सर्वोच्च न्यायालयाला ७ जानेवारी २०१४ रोजी कायम करावी लागली, ती तपास व अभियोग यांतील उणिवांमुळे. प्रत्येक मुक्ततेची छाननी करून दोषी अधिकाऱ्यांवर खात्यांतर्गत कारवाई करावी, असा आदेश तेव्हा राज्यांना देण्यात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने खटले लवकर चालावेत यासाठी देखरेखीचे काम अभियोग संचालनालयाकडे सोपविले आहे.

खटला हरला म्हणून शिक्षा नको. सरकारी वकील हा न्यायाचा सेवक आहे, शिक्षा मिळवून देणारा मुकादम नव्हे. कामाचा बोजा आणि साक्षीदार हजर न करणारे पोलीस, यांचा दोषही त्याच्यावर लादू नये. म्हणूनच प्रत्येक तहकुबीचे कारण व जबाबदार व्यक्ती यांची नोंद संचालनालयाने ठेवावी आणि निष्काळजीपणा वारंवार दिसल्यास चौकशी करावी. एरवी विलंबाची किंमत मजूरच आपल्या रोजातून मोजत राहील.