केरसुणीतली लक्ष्मी

लक्ष्मी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती कमळावर उभी राहून तळहातातून सुवर्णमुद्रांची धार सोडणारी देवी. ही प्रतिमा आपल्या मनावर बिंबवली ती छापील तसबिरींनी आणि कॅलेंडरांनी. आश्विन अमावास्येला ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत जिला हळदकुंकू वाहिले जाते, ती नवी केरसुणी या चित्रात कुठेच नसते. समृद्धीची जुनी कल्पना समजून घ्यायची, तर नाणी बाजूला सारून या केरसुणीपाशीच जायला हवे, असे आम्हांला वाटते.

ऋग्वेदाच्या खिलसूक्तांतले श्रीसूक्त पाहावे. तेथे सोनेरुपे आहे, घोडे-हत्ती आहेत. पण देवीला ‘करीषिणी’, म्हणजे शेणाने संपन्न, असेही म्हटले आहे. तेथे येणारी कर्दम आणि चिक्लीत ही नावेही चिखलाची आणि ओलाव्याची आठवण देतात. ही पेढीवरची नव्हे, शेतातली लक्ष्मी. त्याच सूक्तात भूक-तहानेने मळलेल्या ज्येष्ठेला, अलक्ष्मीला, नाहीसे करण्याचा संकल्प आहे. (भाद्रपदात मात्र आपण ज्येष्ठा गौरीला आवाहन करून पुरणपोळी वाढतो! तिचे नाव नक्षत्रावरून आले हे खरे. तरी हा योग मोठा गमतीचा.) लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घालवण्याची चालही आहेच. केर काढणारी केरसुणी लक्ष्मी ठरते ती या नात्याने. येथे समृद्धी म्हणजे साठा नव्हे, तर रोजचे राबणे.

आमचा आक्षेप आहे तो पुढेच. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधणे हे गावगाड्यात मातंग समाजाचे काम. त्यांनी बांधलेली लक्ष्मी देवघरापर्यंत गेली. बांधणारे हात उंबऱ्याबाहेरच राहिले. पंढरीचा विठ्ठल अस्पृश्यांना खुला व्हावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. केरसुणीला असा प्रवेश कधी मागावा लागला नव्हता.

हे सारे जुने झाले, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच इमारतीत डोकवावे. केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करणारी घरे कामवाल्या बाईंचा चहाचा कप वेगळा ठेवतात, आणि ‘गृहलक्ष्मी’ म्हणून जिचा गौरव होतो तिचे नाव घराच्या कागदपत्रांवर असतेच असे नाही. आता तर बाजारात पूजेपुरती वीतभर केरसुणी मिळते. ती दिसते छान. तिने केर निघत नाही.