फेणे पुण्याचा, परळची कोण?
परळ स्टेशनाबाहेर जुन्या पुस्तकांच्या ढिगात या आठवड्यात नॅन्सी ड्रू आणि फास्टर फेणे खेटून बसलेले दिसले आणि माझं जुनं दुखणं उसळलं. नॅन्सी ही इंग्रजी पुस्तकांतली रहस्यं उलगडणारी पोरगी, १९३० सालची. मुखपृष्ठावर नाव कॅरोलिन कीन, पण पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ लिहिली मिल्ड्रेड बेन्सनबाईंनी. म्हणजे पहिलं रहस्य लेखिकाच! इकडे भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेला सायकलवर बसवून अख्ख्या महाराष्ट्राला ‘ट्टॉक्’ करायला लावलं. त्याच्या तोडीची पोरगी मात्र मराठीत नाही. खरं तर परळच्या चाळीतल्या बारा वर्षांच्या मुलीपुढे फेणेही पाणी भरेल. कुणाकडे पाहुणे आले, कोण कुणाशी बोलत नाही, मूर्तींच्या वर्कशॉपमध्ये ताडपत्रीखाली कुठल्या मंडळाचा गणपती आहे, सगळं तिला ठाऊक. गॅलरीत वेणी घालता घालता ती पुरावे गोळा करते आणि आपण तिला चोंबडी ठरवून आत पिटाळतो. प्रकाशकहो, संस्कारकथा पुष्कळ झाल्या. आता बंद गिरणीच्या फाटकामागचं गुपित फोडणारी, आईच्या तिसऱ्या हाकेला ‘आले गं’ म्हणणारी परळची पोरगी छापा. पहिली प्रत मी घेईन, तीही रोखीनं. सवलत मागणार नाही, यावरूनच माझी तळमळ ओळखा.