मंडळीची वाढ कोठें होते?

शाळेचें नवें वर्ष सुरू झालें कीं पालक आपल्या मुलांस घेऊन आमच्याकडे येतात. त्यांतील पुष्कळ ख्रिस्ती पालक जातां जातां एक वाक्य हटकून बोलतात : “गुरुजी, अभ्यासाबरोबर ह्याला थोडें बायबलही शिकवा. आम्हांला वेळ होत नाहीं. बाकी पाळकसाहेब आहेतच.” हें ऐकून आम्हांस आनंद होतो आणि भीतिही वाटते. आनंद ह्यासाठीं कीं पालकांचा आमच्यावर भरंवसा आहे. भीति ह्यासाठीं कीं घराचें काम शाळेवर आणि पाळकावर सोपवून घर मोकळें होऊं पाहत आहे. मंडळीचा विश्वास वाढविणें हें पाळकाचें काम खरें. पण तें केवळ व्यासपीठावरून होतें काय? आम्ही स्वतः लूथरन मंडळीचे नव्हे. परंतु ह्या प्रश्नाचा मोठा अनुभव त्या मंडळ्यांच्या इतिहासांत सांठवलेला आहे, म्हणून तोच वाचकांपुढें ठेवितों.

सन १५२८ मध्यें जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत मंडळ्यांची पाहणी चालू होती. मार्टिन लूथर तींत स्वतः सामील झाले. खेड्यापाड्यांतील लोकांस धर्माचीं मूळतत्त्वेंही ठाऊक नाहींत, आणि कित्येक पाळकांस तीं शिकवितां येत नाहींत, असें त्यांस आढळलें. त्यांनीं लगेच लेखणी हातीं घेतली आणि १५२९ सालीं ‘लहान प्रश्नोत्तरी’ प्रसिद्ध केली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा व प्रभुभोजन ह्यांचा अर्थ तींत थोडक्यांत दिला आहे. शिवाय सकाळसंध्याकाळच्या आणि जेवणाच्या वेळच्या प्रार्थनाही आहेत. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हें सर्व कुटुंबप्रमुखानें आपल्या घरच्यांस शिकवावें असें त्या भागांच्या मथळ्यांतच सांगितलें आहे. पाळक उणे पडले, तेव्हां लूथर ह्यांनीं पाळकांस तर जागें केलेंच, पण घरासही कामास लाविलें.

ह्या विचाराचें फळ स्वीडन देशांत स्पष्ट दिसून आलें. तेथें १६८६ च्या चर्चविषयक कायद्यानें, लहानथोर सर्वांनीं वाचावयास शिकावें व प्रश्नोत्तरी समजून घ्यावी असें ठरलें. पाळकानें वर्षांतून एकदां वाडीवस्तीवर जावें, आसपासचीं कुटुंबें एका घरीं जमावींत, आणि धनी, धनीण, मुलें, गडी, मोलकरीण ह्या सर्वांस त्यानें एकामागून एक वाचावयास लावावें व अर्थ विचारावा, अशी ‘घरपरीक्षे’ची चाल पडली. कोणास किती येतें ह्याची नोंद तो वहींत करी. अशा हजारों वह्या आजही जतन केलेल्या आहेत. प्राथमिक शाळांचा कायदा त्या देशांत १८४२ सालीं झाला. पण त्याच्या कितीतरी आधीं तेथील बहुतेक स्त्रीपुरुषांस वाचतां येत होतें. त्यांची शाळा म्हणजे त्यांचें घर, आणि शिक्षक म्हणजे आईबाप.

ह्या पद्धतींत दोषही होते, ते झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. तींत सक्ति होती. प्रश्नोत्तरी न येणारास प्रभुभोजन मिळत नसे, विवाहासही अडचण येई. पाठांतर म्हणजेच विश्वास असा समज होण्याचें भयही होतें. तथापि पाळकानें उंबरठा ओलांडून घरांत यावें आणि घरानें त्याच्यापुढें आपला हिशेब द्यावा, हें तिचें सार आम्हांस मोलाचें वाटतें.

कोणी म्हणेल, ही गोष्ट परक्या देशाची झाली. तर आपल्या देशांतील छोटानागपूर पाहावें. बर्लिनच्या गॉसनर ह्यांनीं पाठविलेले चार मिशनरी १८४५ सालीं रांचीस आले. उरांव जमातीच्या पहिल्या अवघ्या चौघांस बाप्तिस्मा देण्यास त्यांस १८५० साल उजाडावें लागलें. पुढें मंडळी वाढली. परंतु १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, आणि इंग्रज सरकारनें जर्मन मिशनऱ्यांस आधीं स्थानबद्ध केलें व मग मायदेशीं धाडलें. ज्यांनीं पेरलें, वाढविलें, ते एकाएकीं नाहींसे झाले. अँग्लिकन बिशपांनीं कांहीं काळ देखरेख केली. पण मंडळी मोडली नाहीं. १० जुलै १९१९ रोजीं तिनें स्वतःस स्वायत्त म्हणून जाहीर केलें आणि कारभार आपल्या देशी पाळकांच्या व वडिलांच्या हातीं घेतला. रांची येथें मुख्य ठाणें असलेली ती मंडळी आजही उभी आहे. आमच्या मतें पाळकाच्या सेवेची खरी कसोटी हीच : तो असतांना किती लोक जमतात ही नव्हे, तर तो नसतांना काय टिकतें ही.

आतां आमचा स्वतःचा दोष सांगतों. एकदां आमच्या वर्गांत एका मुलानें दहाही आज्ञा न चुकतां म्हणून दाखविल्या. आम्ही त्यास पूर्ण गुण दिले. मग सहज विचारलें, “आईबापांचा मान राखावयाचा म्हणजे तुझ्या घरीं तूं काय करावयाचें?” मुलगा पुष्कळ वेळ गप्प राहिला आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, घरीं ह्याविषयीं कोणी बोलत नाहीं.” गुण तर मांडून झाले होते. ते खोडावे तर कोणाचे खोडावे, त्याचे कीं आमचे? त्या रात्रीं घरीं गेल्यावर आठवलें कीं, आमच्या मुलांसही आम्हीं हा प्रश्न कधीं विचारला नव्हता.

म्हणून पाळकांस आमची विनंति आहे कीं, आजारपणीं व वर्गणीसाठीं जसे आपण घरीं येतां, तसे शिकविण्यासाठींही यावें. पालकांस विनंति ही कीं, रात्रीच्या जेवणानंतर पाव तास मुलांपाशीं बसावें. एक वचन वाचावें आणि आज तें आपल्या घरांत कसें पाळावयाचें हें बोलावें. ज्यांचा धर्म निराळा आहे त्या पालकांसही हेंच सांगणें आहे, कारण सदाचरण नुसत्या शाळेंत रुजत नाहीं. आणि प्रिय विद्यार्थ्यांनो, वडील मंडळी विसरलीं तर तुम्हीच विचारा : “बाबा, ह्याचा अर्थ काय?” ‘लहान प्रश्नोत्तरी’ ह्याच प्रश्नावर उभी आहे. तुमच्या प्रश्नानें घर जागें झालें, तर मंडळीची वाढ कोठें होते हें वेगळें सांगावें लागणार नाहीं.