रोजचे 89 पैसे: तहसीलदारसाहेबांस खुले पत्र

मा. तहसीलदारसाहेब, तथा कार्यक्रम अधिकारी, रोजगार हमी योजना, यांस,

आमच्या वस्तीच्या थकीत मजुरीचे अर्ज आपल्या दफ्तरी इतके साचले आहेत, की सारी हकिकत पुन्हा निवेदन करण्याचे प्रयोजन उरलेले नाही. मस्टर बंद झाल्यापासून 15 दिवसांत मजुरी मिळावी, न मिळाल्यास सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर दररोज 0.05 टक्के भरपाई द्यावी, असा कायदा आहे. सन 2024-25 चा मजुरीचा दर दिवसाला 297 रुपये. सहा दिवसांचे 1782. त्यावरील रोजची भरपाई 89 पैसे. भरपाईचे 60 दिवस भरले तरी हाती 53 रुपये 46 पैसे. औदार्याची एवढी परमावधीही सरकारी खजिन्यास पेलणार नाही, अशी चिंता वाटल्यामुळेच की काय, आपल्या कचेरीने त्या रकमेसमोर ‘देय नाही’ असा शेरा मारला. कारणाचा रकाना कोरा.

वस्तीतील ज्या बायांना कालपरवापर्यंत अंगठ्यापलीकडे सही ठाऊक नव्हती, त्यांनी लेकींकडून नमुना 4 भरून घेऊन एकजुटीने काम मागितले, तारखेची पोच हट्टाने पदरात पाडून घेतली आणि सुगीला घरटी दोन पायल्या ज्वारी जमवून, ज्याची मजुरी अडेल त्याची चूल विझू नये अशी तजवीज केली. हेतू एवढाच, की ऊसतोडीचा मुकादम दारी आल्यावर त्याची आगाऊ उचल नाकारता यावी. कारण उचल घेतलेले जोडपे हंगामभर उसाच्या फडात अडकते आणि त्याच्या पोरांची शाळा सुटते. मजुरी वेळेवर येईल या भरवशावर भरलेली ती कणगी यंदा श्रावणातच तळाला गेली. पाच घरांनी उचल घेतली. त्यांना घरी थोपवण्यास आणखी कोणत्या सद्गुणाची आवश्यकता होती, ते आपणच सांगावे.

सन 1975 मध्ये व्यवसायकर बसवला गेला तो याच हमीच्या खर्चासाठी. म्हणजे आपल्याही वेतनातून दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, त्या नावाने वजा होतात. ती वजावट लांबल्याचे ऐकिवात नाही. दिरंगाई सुरू होते ती पैसा मजुराकडे वळल्यावर.

सबब, ‘देय नाही’ या शेऱ्याखालील सही कोणाची व तिला आधार कोणता, ते लेखी कळवावे आणि थकीत मजुरी भरपाईसह खात्यावर जमा करावी. मुकादम दसऱ्यानंतर ट्रॅक्टर घेऊन येणार आहे. त्याआधी उत्तर आल्यास उचल परत करता येईल.