चित्रापाशी थांबणारा शिक्षक

आपल्यासारख्या निवासी शाळांमधून आता डिजिटल फळे बसू लागले आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून आणि पालकांच्या आग्रहातून ते येतात, आणि त्यामागील भावना स्वागतार्हच आहे. शहरातील खाजगी शाळेत जे मिळते ते आमच्या लेकरांना का मिळू नये, हा प्रश्न न्याय्य आहे. तथापि यंत्र आल्यावर त्याच्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाने काय करावे, याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो. त्या विचारासाठी एका अडगळीत गेलेल्या साधनाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ते साधन म्हणजे फिल्मस्ट्रिप.

३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका लहानशा गुंडाळीवर काही डझन स्थिर चित्रे क्रमाने छापलेली असत. ती प्रोजेक्टरमध्ये घालायची, खोलीत अंधार करायचा आणि बाजूची कळ फिरवून एकेक चित्र पडद्यावर आणायचे. गुंडाळी छोट्या डबीत मावत असे, काचेच्या स्लाइडप्रमाणे फुटत नसे आणि चित्रांचा क्रमही चुकत नसे. सोबत बहुधा एक पुस्तिका येई. प्रत्येक चित्राच्या वेळी काय सांगावे, काय विचारावे, याची टिपणे तीत असत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत हे साधन अनेक देशांच्या शाळांत रुजले. पुढे व्हिडिओ आला, संगणक आला आणि ते मागे पडले. त्याच्या अडचणीही खऱ्या होत्या. वीज हवी, अंधार हवा, आणि चित्रांचा क्रम दूर कोठेतरी बसलेल्या माणसाने ठरवलेला. म्हणून ते यंत्र परत आणावे असे कोणी म्हणणार नाही. त्या यंत्राबरोबर वर्गात आलेली एक शिस्त मात्र टाकून देण्यासारखी नव्हती.

ती शिस्त थांबण्याची होती. शिक्षकाने कळ फिरवल्याशिवाय चित्र पुढे सरकत नसे. तेवढ्या वेळात शेवटच्या रांगेतील मूलही चित्र पाहून घेई, बोट दाखवी, काही विचारी. बोलणारा आवाज बहुधा समोर उभ्या असलेल्या माणसाचा असे. मूल ज्या बोलीत घरी बोलते त्या बोलीत तो चित्र समजावून देऊ शके. ज्या घरातील पहिलेच मूल शाळेत आले आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट मोलाची आहे. आजची तयार ध्वनिचित्रफीत तीन मिनिटांत विषय संपवते. प्रमाण भाषेतील सफाईदार आवाज, पाठीमागे संगीत, आणि मुले मंत्रमुग्ध. वर्ग शांत असतो. पण शांत वर्ग शिकत असतोच असे नाही. बी रुजताना, हृदयाची झडप उघडमीट होताना चलच्चित्राला पर्याय नाही, हे मान्यच आहे. परंतु इतिहासाचा प्रसंग, नकाशा, वस्ती, माणसाचा चेहरा यांच्यासाठी मुलाला थांबलेले चित्र लागते.

येथे अध्यापक विद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या एडगर डेल यांच्या अनुभव शंकूचा आधार नेहमी घेतला जातो. माणूस वाचलेले इतके टक्के लक्षात ठेवतो, पाहिलेले इतके टक्के, असे आकडे त्या शंकूवर छापलेले आढळतात. डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या मूळ शंकूत असे टक्के नव्हतेच. ते नंतर कोणीतरी चिकटवले. केवळ डोळ्यांसमोर आले म्हणून मुलाच्या मनात उतरले, अशी हमी कोणतेही शास्त्र देत नाही.

आपल्या परंपरेला हे फार पूर्वी उमगले होते. ‘दिव्यावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथात असे सांगितले आहे की, विहाराच्या दाराशी भवचक्राचे चित्र काढावे आणि येणाऱ्यांना ते समजावून देण्यासाठी एका भिक्षूची नेमणूक करावी. चित्र एकटे ठेवायचे नाही, त्याच्यापाशी उलगडून सांगणारा माणूस हवा, हा त्यातील मर्मभाग. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील ओसरीत अशा चक्राचे अवशेष आजही दिसतात आणि आत विश्वंतर जातकाचे प्रसंग भिंतीवर ओळीने उलगडत जातात. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथीही एकेक चित्र पुढे धरून कथा गातात. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हाताने रंगवलेल्या काचांचे खेळ सुरू केले, तेही याच जातीचे.

मात्र या उदाहरणांतूनच दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढे येतो. चित्र कोणाचे? चित्रकथी आणि खरोलिका यांच्या पडद्यावर प्रामुख्याने रामायण-महाभारत आणि पुराणे होती. शैक्षणिक चित्रांत दीर्घकाळ जे ‘आपले घर’ दाखवले गेले त्यात दिवाणखाना होता, बाग होती, वर्तमानपत्र वाचणारे वडील होते. ऊसतोडीच्या कोपीतून किंवा शहराच्या पत्र्याच्या वस्तीतून आलेले मूल ते चित्र पाहते आणि निमूटपणे एक धडा शिकते, की शिक्षणाच्या जगात आपले घर नाही. हा धडा कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेला नसतो. म्हणून तो पुसणेही कठीण जाते. डिजिटल फळ्याने चित्र अधिक झगझगीत केले, चित्रातले घर बदलले नाही.

यावर उपाय आपल्या हातात आहे. महाडच्या चवदार तळ्याचा पाठ घेऊ. दहा-बारा स्थिर चित्रे पुरतात: रायगड जिल्ह्याचा नकाशा, तळ्याचे आजचे छायाचित्र, मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव, २० मार्च १९२७ च्या मोर्चाचे एखादे रंगचित्र, तळ्याचे ‘शुद्धीकरण’, त्याच वर्षीचा २५ डिसेंबर, आणि १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल. प्रत्येक चित्रापाशी थांबायचे. पाणी गुरांना चालत होते, माणसांना का नाही? ठराव झाला तरी माणसे दहा वर्षे का झगडली? रंगचित्र आले की विचारायचे: हे कोणी काढले असेल? त्याच दिवशी की पुष्कळ वर्षांनी? मोर्चातील स्त्रिया यात दिसतात का? चौथीतील मूल असे विचारू लागले की इतिहासाचे साधन कसे तपासावे, याचा पहिला पाठ त्याला मिळालेला असतो. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालणे आम्ही मुलांना शिकवतोच. त्या तसबिरीतील माणसाने काय केले ते प्रश्न विचारून पाहणेही शिकवले पाहिजे.

यासाठी वेळ कोठून आणायचा, असे शिक्षक विचारतील. एका पाठासाठी तयार केलेली मालिका पुढील वर्षी पुन्हा कामी येते. तीन शिक्षकांनी वाटून घेतले तर वर्षात दहा-बारा मालिका सहज उभ्या राहतात. आलेला डिजिटल फळा यालाही उपयोगी पडतो. फक्त तो थांबवण्याचे बटण शिक्षकाने वापरायला हवे. आमची मुले मागे राहतील अशी काही पालकांना भीती वाटते. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, तयार चित्रफीत कोणालाही विकत मिळते. प्रश्न विचारण्याची सवय विकत मिळत नाही, आणि मागे ठेवली गेलेली पिढी त्या सवयीनेच पुढे आली आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. पडद्यासाठी देणगी द्याच, पण त्याबरोबर चित्रेही द्या. आपल्या गावचे बुद्धविहार, धम्मदीक्षेनंतरच्या काळातील घरातले जुने फोटो, आजोबांचे गिरणीचे ओळखपत्र, आजीची जलशाच्या वहीतील अक्षरे, वस्तीतील पहिली पदवीधर मुलगी. फोटोच्या मागे गाव, अंदाजे साल आणि माणसांची नावे, त्यांच्या संमतीने, लिहून पाठवा. शाळेने ती नीट जपून वर्गासाठी मालिका तयार कराव्यात. आपल्या घराचे चित्र पडद्यावर आले आणि शिक्षक त्यापाशी थांबला, तर ते पाहणारे मूल ताठ बसते.

धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे; ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. पाहण्यासाठी बोलावलेल्या मुलाला पाहायला पुरेसा वेळ द्यावा, एवढीच शिक्षकांकडून अपेक्षा आहे.

जय भीम.