पदराआडचा चेहरा

मॉडर्न आर्ट म्हटलं की आपण आधीच हात टेकतो. ‘आपल्याला नाही बाई त्यातलं काही कळत,’ म्हणायचं आणि पान उलटायचं. पण चेहरा न बघता मन ओळखायची सवय बायकांइतकी कुणाला असेल? ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली जाऊ रडतेय, हे आपल्याला तिच्या खांद्यांवरून कळतंच ना!

मकबूल फिदा हुसेन यांनी काढलेली मदर तेरेसांची चित्रं त्याच नजरेनं बघायला हवीत. (हुसेन म्हटलं की वाद आधी आठवतात; तो विषय आज नको.) मदरना १९७९ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं आणि १९८० च्या सुमारास हुसेन यांनी ही चित्रं काढायला घेतली. पुढे वर्षानुवर्षं ते ती काढत राहिले. पांढरी साडी, निळे काठ, मांडीवर मूल. हात ठळक दिसतात. पदराआड मात्र नाक नाही, डोळे नाहीत. नुसता काळोख.

ही बाई दुःखी आहे की शांत? मांडीवरचं मूल निजलंय, की कायमचं निजलंय? डोळेच नाहीत म्हटल्यावर सांगणार कोण? मग आपण हात बघतो, मान किती झुकलीय ते बघतो, पदराची घडी बघतो. माया आणि शोक, दोन्ही एकाच हातात दिसायला लागतात. आजारी लेकराला घेऊन रात्र जागवलेल्या बाईला यात नवल वाटणार नाही.

यामागची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५ चा. दीड वर्षाचे असताना आई झैनब गेली. तिचा चेहरा आठवत नाही, ही खंत त्यांनी अनेकदा बोलून दाखवली. गोष्ट चटका लावणारी आहे खरी. पण ती कळली की आपण ‘अच्छा, म्हणून चेहरा नाही होय!’ असं म्हणून मोकळे होतो आणि चित्र बघायचं थांबवतो. गोष्टीनं चित्र उलगडतं, तसं ते मिटूनही जातं.

आणखी एक गोष्ट खटकते. मदर तेरेसांचा चेहरा साऱ्या जगाच्या ओळखीचा होता. सुरकुत्यांचा, करारी, प्रसंगी हट्टीसुद्धा. तो पुसला आणि उरली फक्त मांडी, हात आणि पदर. म्हणजे ‘आई’. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? लग्न होऊन आलेली सुमन चार वर्षांत ‘बंटीची आई’ होते, आणि तिचं नाव रेशनकार्डापुरतं उरतं. हुसेन यांना हे म्हणायचं होतं असं माझं म्हणणं नाही. त्यांना हरवलेली आई शोधायची होती. पण त्या काळोखाकडे लेक म्हणून बघणं वेगळं आणि स्वतः आई असताना बघणं वेगळं. मला ते चित्र एकाच वेळी जवळचंही वाटतं आणि त्याचा रागही येतो.

ही चित्रं एखाद्या पुस्तकात किंवा मोबाइलवर सापडली, तर खालची माहिती नंतर वाचा. आधी शेजारणीला नाहीतर लेकीला बोलवा आणि विचारा, मांडीवरचं पोर जागं आहे का? दोघींची उत्तरं जुळली नाहीत, तर खुशाल वाद घाला.